अण्णांच्या स्ट्रोकला या हॉस्पिटलने ३८ मिनिटांत इंजेक्शन दिलं, ४ स्टार

अण्णांना डिस्चार्ज मिळून तीन महिने होत आले. रिव्ह्यू नक्की टाकते असं तेव्हाच सिस्टरना म्हणलं होतं पण घरचं, नोकरीचं, फिजिओचं करता करता राहूनच गेलं. आज सकाळी अण्णा उजव्या हातानी चहाचा कप धरून ओट्यावर बसले होते, ते बघितलं आणि म्हणलं आता लिहूनच टाकू. मोठं होईल, पण ज्यांच्या घरात बीपी-शुगरचं माणूस आहे त्यांनी पूर्ण वाचा.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. अण्णा ६४ वर्षांचे, तीस-बत्तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात मागावर काम केलं, शेवटी शेवटी जॉबर होते, म्हणजे मागांची देखरेख करणारे. बीपीची गोळी चालू होती म्हणजे पाकीट घरात होतं, पण "आता बरं वाटायलंय की" म्हणून मधेच बंद करायचे. तंबाखू-चुना तर कायमचाच. दादा पुण्यात नोकरीला, इथे आई, अण्णा आणि मी.

खरी गोष्ट स्ट्रोकच्या, म्हणजे लकव्याच्या झटक्याच्या १९ दिवस आधीपासून सुरू होते आणि तीच मला सगळ्यात जास्त लागते. एप्रिलचा शेवट, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहितीये, अण्णा बाजारातून आले आणि जेवताना उजव्या हातातली भाकरी दोनदा खाली पडली, बोलताना जीभ जड झाल्यासारखी, दहा-पंधरा मिनिटं असं झालं आणि मग एकदम नीट. आम्ही तरी गल्लीतल्या दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं ऊन लागलंय, सलाईन लावलं, ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि घरी. अण्णा दुसऱ्या दिवशी ठणठणीत, आम्हीपण विसरलो. नंतर न्यूरोच्या, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की तो मिनी स्ट्रोक होता, टीआयए म्हणतात त्याला, मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं आणि आपोआप सुटलं. आपोआप सुटलं म्हणजे संपलं असं नसतं, त्यानंतरचे पहिले दोन दिवस सगळ्यात धोक्याचे आणि पुढचे तीन महिनेही सांभाळायचे असतात. त्याच दिवशी सीटी, ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी केली असती आणि रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, साधारण २१ दिवस दिल्या असत्या तर पुढचं टळायची बरीच शक्यता होती. हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ऊन लागल्याने दोन्ही हात गळतात, अंगातलं त्राणच जातं, पण एकाच बाजूचा हात गळतोय आणि बोलणंही अडखळतंय तर ते ऊन नाही हे डोक्यात पक्कं बसवा.

आता झटक्याचा दिवस. सकाळी साडेसातच्या आत-बाहेर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं तुझे अण्णा असं काय बोलायलेत गं, इकडं ये." मी बाहेर आले तर पेपर खाली पडलेला, अण्णा खुर्चीत उजवीकडे कललेले, तोंडाचा उजवा कोपरा खाली आलेला, आणि काहीतरी सांगायचा प्रयत्न करतायत पण शब्दच नाहीत, नुसता आवाज. आईने पाणी पाजायला घेतलं, त्यांना जोरात ठसका लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या कांदा हुंगवा, एकजण म्हणाला बोटं सुईने टोचून रक्त काढा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. मी खरंच सुई शोधायला आत गेले होते हे सांगते, कारण त्या वेळी माणूस काहीही ऐकतो. यातलं काहीएक करू नका. पाणी नाही, चहा नाही, गोळी नाही. घरात असलेली अ‍ॅस्पिरिनही द्यायची नाही, कारण रक्तवाहिनी बंद झालीये का फुटलीये हे सीटी केल्याशिवाय देवालाही बाहेरून कळत नाही आणि फुटलेली असेल तर तीच गोळी घात करते. १०८ ला फोन करायचा आणि निघायचं. आम्हाला तर १०८ सुद्धा सुचलं नाही, समोर रिक्षा होती त्यात घातलं.

आणि रिक्षा नेली सगळ्यात जवळच्या नर्सिंग होममध्ये. नाव घेत नाही. तिथे बीपी २००/१०५ निघालं, लगेच जिभेखाली गोळी ठेवली आणि सलाईन लावलं. मोठे डॉक्टर येतायत, येतायत म्हणत पाऊण तास गेला. सीटी स्कॅनचं मशीन तिथे नव्हतंच! मशीन नाही तर आम्हाला दारातूनच पुढे पाठवायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणत नाही. आठ पस्तीसला माझ्या ऑफिसातल्या एका मॅडमचा फोन आला, त्यांच्या सासऱ्यांना हेच झालं होतं, त्या म्हणल्या एक मिनिट थांबू नकोस, जिथे सीटी आणि न्यूरोचे डॉक्टर दोन्ही आहेत तिथेच ने. मी सही केली, सलाईनची बाटली हातात धरली आणि निघालो.

इथे, म्हणजे या हॉस्पिटलला, आठ पन्नासला पोचलो. आता इथून पुढे जे झालं त्यासाठी मी चार स्टार देतीये.

स्ट्रेचर आत घेताघेताच एक तरुण डॉक्टर, कदाचित शिकाऊ असतील, आईला विचारायला लागले, "काकू, अण्णांना शेवटचं नीट बोलताना कधी ऐकलंत?" आई म्हणाली सकाळपासूनच असं आहे. तेच वाक्य नर्सिंग होममध्येही सांगितलं होतं आणि त्यांनी तसंच लिहून घेतलं होतं. हे डॉक्टर मात्र सोडेनात. सकाळपासून म्हणजे कधीपासून, उठले तेव्हा कसे होते, तोंड स्वतः धुतलं का, चहा कोणत्या हातानी घेतला. आई रडायला लागली, तिला काही आठवेना. मग मलाच आठवलं की दूधवाला आला तेव्हा अण्णाच दारात गेले होते. डॉक्टर म्हणाले, लावा दूधवाल्याला फोन. मी लावला. तो म्हणला, "होय की ताई, सव्वासातला आलतो, अण्णा म्हणले उद्या अर्धा लिटर जास्त टाक, पाहुणे येणारेत." नीट बोलले का? "एकदम नीट, नेहमीसारखं." डॉक्टरांनी केसपेपरवर ७:१५ लिहिलं आणि त्याला गोल केला.

तो गोल मी आयुष्यात विसरणार नाही. कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते साडेचार तास आपल्याला कळलं तेव्हापासून नाही, माणूस शेवटचा नीट दिसला तिथपासून मोजतात. रात्री दहाला नीट झोपला आणि सकाळी सहाला उठवताना हात गळलेला दिसला तर घड्याळ रात्री दहापासून धरायचं. म्हणजे आईचं "सकाळपासून" तसंच राहिलं असतं तर अण्णांना इंजेक्शनच मिळालं नसतं कदाचित. आता सव्वासातपासून मोजून आमची वेळ पावणेबारापर्यंत होती.

पुढचं सगळं फार पटापट झालं. बोटातून शुगर बघितली, कारण शुगर फार खाली गेली तरी अगदी स्ट्रोकसारखंच दिसतं. ईसीजी काढला. नऊ वाजून दोन मिनिटांनी सीटीच्या टेबलवर. डिपॉझिट भरून या मग सीटी, असं कोणीही म्हणलं नाही, हे मुद्दाम लिहितीये. सीटीत रक्तस्राव नव्हता. मग डाय टाकून मेंदूच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्या बघितल्या, डाव्या बाजूच्या एका छोट्या फांदीत गुठळी होती. मेंदूची डावी बाजू म्हणजे शरीराची उजवी, आणि बोलणंही बहुतेकांचं डावीकडेच असतं, म्हणून हात आणि वाचा दोन्ही गेलं होतं. गुठळी मुख्य मोठ्या नळीत असती तर मांडीतून तार घालून ती ओढून काढतात, ते सहा तासांपर्यंत आणि काही निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही करतात. आम्हाला त्याची गरज पडली नाही. पण तुम्ही तुमच्या जवळच्या हॉस्पिटलमध्ये ते होतं का हे आजच विचारून ठेवा, त्या दिवशी विचारायला वेळ नसतो.

आणि तेवढ्यात दादाचा पुण्याहून फोन. रडत होता. "इथं आण, मी बेड बघितलाय, अ‍ॅम्ब्युलन्स कर, सोलापूरला काय होणार नाही." आपल्याकडे हे वाक्य घराघरात आहे, काही मोठं झालं की पुण्याला पळवा. माझंही मन हललं, खोटं कशाला बोलू. न्यूरोच्या डॉक्टरांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे बोलले, "हे बघा, पुणे अडीचशे किलोमीटर. अ‍ॅम्ब्युलन्स आत्ता निघाली तरी दीड-दोन वाजणार. आमची वेळ पावणेबाराला संपते. तुम्ही जे पुण्यात करायला सांगताय तेच इंजेक्शन माझ्या हातात आत्ता आहे." दादा एक सेकंद गप्प झाला आणि म्हणला, द्या डॉक्टर.

धोकाही त्यांनी लपवला नाही. म्हणाले शंभरातल्या पाच-सहा जणांना यामुळे मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो, पण नाही दिलं तर हात आणि बोलणं असंच राहायची शक्यता जास्त आहे, आणि जितकं लवकर देऊ तितका फायदा. सही माझी. सहीचा कागद पूर्ण इंग्रजीत, ते मला खटकलं, डॉक्टरांनी मराठीत सगळं सांगितलं म्हणून ठीक, पण माझी आई एकटी असती तर तिने कशावर सही केली असती? मराठीत छापायला किती खर्च येतो. इथे तर कन्नड-तेलुगूतही हवा खरं म्हणजे, आपल्या सोलापूरची माणसं सगळी बघितली तर.

अण्णांना बेडसकट वजन केलं, ६२ किलो. किलोला ०.९ मिलिग्रॅम या हिशोबाने ते इंजेक्शन, अल्टेप्लेज नाव त्याचं, म्हणजे जवळजवळ ५६ मिलिग्रॅम, त्यातला दहावा भाग एका मिनिटात हातातून आणि उरलेलं पंपाने तासभर. पहिली सिरिंज गेली तेव्हा भिंतीवरचं घड्याळ नऊ अठ्ठावीस दाखवत होतं. दारात आल्यापासून ३८ मिनिटं. तासाच्या आत द्यायचं असतं म्हणतात, यांनी पाऊण तासाच्याही आत दिलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी मला एवढी घाई का केली ते समजावलं ते इथे तसंच देते. म्हणाले, आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तरी घर चालतं ना, कारण आपण हौद, पिंप, घागरी सगळं भरून ठेवतो. मेंदूकडे हौद नाही. वजनाने शरीराच्या दोन टक्के पण ऑक्सिजन लागतो वीस टक्के, आणि साठवण काहीच नाही, त्याला नळ चोवीस तास चालूच लागतो. रक्तपुरवठा अगदी बंद पडतो तिथल्या पेशी काही मिनिटांत मरतात, पण त्याच्या आजूबाजूला एक पट्टा असतो जिथे शेजारच्या वाहिन्यांतून थेंब-थेंब येत असतं, तिथल्या पेशी काम थांबवतात पण जिवंत असतात. अण्णांचा हात हलत नव्हता म्हणजे सगळ्या पेशी मेल्या होत्या असं नव्हतं, बऱ्याच नुसत्या तहानलेल्या होत्या. इंजेक्शन त्या तहानलेल्यांसाठी. एका मिनिटाला साधारण १९ लाख पेशी जातात असा अंदाज आहे म्हणे. माझ्या डोक्यात लगेच नर्सिंग होमची ४५ मिनिटं आली आणि मी गुणाकार करायचं टाळलं.

त्या जिभेखालच्या गोळीबद्दलही मी विचारलं. नळी बंद झाली की शरीर स्वतःच बीपी वाढवतं, कडेकडेने रक्त ढकलण्यासाठी, ते असं धाडकन खाली आणलं तर तो तहानलेला पट्टाच मरतो. इंजेक्शन द्यायचं असेल तर बीपी १८५/११० च्या आत लागतं, पण ते हळूहळू, शिरेतून, मोजत मोजत आणायचं. जिभेखाली गोळी ठेवून नाही. आपल्याकडे बीपी वाढलंय म्हणलं की लगेच सगळे खाली आणायच्या मागे लागतात, म्हणून हे लिहिलं.

आयसीयूमधल्या सिस्टरना पूर्ण मार्क. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बीपी, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, मग दर तासाला, रात्रभर. एकही नोंद चुकली नाही, मी काचेतून बघत होते. तोंडाने थेंबसुद्धा पाणी दिलं नाही, आधी चमच्याने गिळायची टेस्ट घेतली, घसा नीट चालतोय बघितलं आणि मगच पेज. आईने सकाळी पाजलेल्या पाण्याचा ठसका तेव्हा मला कळला, ते पाणी फुप्फुसात गेलं असतं तर न्यूमोनिया होऊ शकला असता. २४ तासांनी परत सीटी केला, रक्तस्राव नाही हे बघून मग अ‍ॅस्पिरिन सुरू केलं. अशक्तपणा मोजायचा एक स्कोअर असतो ४२ पैकी, जितका जास्त तितकं वाईट. आलो तेव्हा अण्णांचा ११ होता, चोवीस तासांनी ५, घरी जाताना ३.

बोलणं मात्र हातापेक्षा हळू आलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी पेन दाखवलं आणि विचारलं अण्णा हे काय? अण्णा म्हणाले, "धोटा." घड्याळ दाखवलं, "धोटा." माझ्याकडे बोट केलं, ही कोण? खूप विचार केला, डोळे भरून आले त्यांचे, आणि म्हणाले, "धोटा." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावतो तो, आत बाण्याच्या म्हणजे आडव्या सुताची कांडी असते. बत्तीस वर्षं जो डोळ्यांसमोर धावला तेवढा एकच शब्द शिल्लक राहिला होता. सिस्टर नवीन होत्या, त्यांना कळेना हे काय बोलतायत, तेव्हा शेजारच्या बेडच्या पेशंटबरोबर आलेल्या आजी होत्या, पद्मशाली म्हणजे विणकर समाजातल्या, त्यांनी सिस्टरना हातवारे करून माग चालवून दाखवला. मग स्पीच थेरपीच्या मॅडमनी तिथूनच सुरुवात केली. धोट्यात काय असतं? कांडी. कांडीवर काय? सूत. सुताचं काय होतं? चादर. पाचव्या दिवशी सकाळी मी आत गेले तर म्हणाले, "चहा घेतलीस का?" आणि माझं नाव घेतलं. त्या मॅडमना हे काही कोर्समध्ये शिकवलं नसणार, पण त्यांनी अण्णांचं आयुष्य विचारून घेतलं आणि त्यातून रस्ता काढला, यासाठी त्यांचे पाय धरावेत असं वाटलं.

आता एक स्टार का कापला.

पहिलं, बिलिंग. पहिल्या दिवशी कोणी अडवलं नाही हे खरं, पण नंतर रोज संध्याकाळी एवढे भरा तेवढे भरा, आणि कशाचे ते विचारलं की कागद मिळायचा नाही. शेवटी १ लाख ८६ हजार झाले, सगळ्यात मोठा आकडा त्या इंजेक्शनचा, त्याबद्दल माझी तक्रार अजिबात नाही. तक्रार अशी की महात्मा फुले जनआरोग्य योजना इथे चालत नाही हे तिसऱ्या दिवशी कळलं. आई रेशन कार्ड आणि आधार पिशवीत घेऊन दोन दिवस काउंटरला विचारत होती, आणि "बघू, सांगतो" एवढंच उत्तर. नाही तर नाही म्हणा पहिल्याच दिवशी, काउंटरवर पाटी लावा. बाकीच्यांना सांगते, ज्या हॉस्पिटलमध्ये योजना असते तिथे आरोग्यमित्र बसतो, त्याला थेट भेटा, कोणता उपचार बसतो कोणता नाही त्यालाच विचारा.

दुसरं, नातेवाइकांना बसायची जागा. आयसीयूबाहेर आठ खुर्च्या आणि माणसं तीस. मे महिना, एक पंखा. रात्री आई जिन्यात चटई टाकून झोपली. बाथरूमबद्दल लिहीत नाही.

डॉक्टरांचा प्रामाणिकपणा सांगायचा राहिला. सीटी अँजिओत, म्हणजे डाय टाकून केलेल्या त्या तपासणीत, अण्णांच्या मानेतली डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी, कॅरोटिड, चरबीच्या थरामुळे ७५ टक्के अरुंद निघाली होती, तिथलाच तुकडा सुटून वर जाऊन अडकला, आणि एप्रिलमधलं ते "ऊन"ही बहुतेक तिथूनच. ७० टक्क्यांच्या पुढे अरुंद असेल आणि त्याच बाजूचा झटका येऊन गेला असेल तर ती साफ करायचं ऑपरेशन शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करायचं असतं, उशीर केला तर फायदा कमी होत जातो. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की हे ऑपरेशन आमच्याकडे होत नाही, आणि पुण्याच्या व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनना स्वतः फोन करून तारीख घेऊन दिली, सीडी आणि चिठ्ठी बरोबर दिली. ठेवून घेतलं असतं तर आम्हाला काय कळणार होतं? बाराव्या दिवशी पुण्यात ऑपरेशन झालं, दादा तिथे होताच. म्हणजे पुण्याला गेलोच आम्ही, पण झटक्याच्या सकाळी नाही.

मधे एक दिवस मामा गाडी घेऊन आले होते, आयसीयूच्या दारात. सीमेपलीकडच्या एका गावात लकव्याचं औषध देतात, तेल चोळतात, कबुतराचं रक्त लावतात, तीन खेपा केल्या की माणूस चालत येतो म्हणे. मामांचा जीव आहे अण्णांवर, त्यांना वाईट म्हणणार नाही. पण मी नाही म्हणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांसमोर आवाज चढवला. रक्तवाहिनी मेंदूत बंद झालीये, हातावर काय चोळून ती उघडणार आहे का. जे लोक तिकडून बरे होऊन येतात त्यातले कितीतरी मिनी स्ट्रोकवाले असतात, ते तसेही बरे होणारच होते, फक्त पुढचा मोठा झटका त्यांची वाट बघत असतो आणि गोळ्या सुटलेल्या असतात. मामांना डॉक्टरांनी बसवून घेतलं, सीटीची फिल्म दाखवली, दहा मिनिटं दिली. मामा गेले आणि संध्याकाळी घरून सगळ्यांचा डबा घेऊन आले.

घरी आल्यावर फिजिओथेरपी, इथल्याच हॉस्पिटलचे फिजिओ सर घरी यायचे, रोज पाऊण तास. पहिल्याच दिवशी आईला रागावले, कारण ती अण्णांना उठवताना उजवा हात धरून ओढत होती. गळलेला हात ओढला तर खांदा निखळतो, बगलेखाली उशी द्यायची आणि कमरेला धरून उठवायचं. मग शेंगदाणे. वाटीभर शेंगदाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत, अंगठा आणि पहिलं बोट वापरून, एकेक. पहिल्या दिवशी ११ झाले आणि अण्णा घामाघूम. महिन्याभरात वाटी रिकामी व्हायला लागली, आई त्याच दाण्यांची चटणी करायची.

मग सरांनी विचारलं कारखान्यात हाताचं सगळ्यात बारीक काम कोणतं, अण्णा म्हणाले तुटलेला तार जोडायचा. दुसऱ्या दिवशी सर सुताचा गुंडा घेऊन आले. अण्णांनी दोन टोकं घेतली, डाव्या अंगठ्याखाली एक दाबलं, उजव्या हातानी दुसरं फिरवायला गेले आणि सुटलं. परत. परत. सर काही बोलले नाहीत, मोबाईलही बघितला नाही, नुसते समोर बसून राहिले वीस मिनिटं. त्या दिवशी गाठ बसली नाही. बसली ती सातव्या आठवड्यात, एका संध्याकाळी सर गेल्यावर, आणि अण्णांनी तो तुकडा कोणाला टाकू दिला नाही, कॅलेंडरच्या खिळ्याला बांधून ठेवलाय. अजूनही उजव्या पायाला थोडी ओढ आहे, आणि दमले की शब्द सापडत नाहीत.

गोळ्या आता सुटत नाहीत, रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची आणि बीपीची, आईने प्लॅस्टिकच्या डबीला वारांची नावं लिहिलीयेत. तंबाखू ऑपरेशनच्या दिवसापासून बंद. बीपीचं मशीन घरात आणलं, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहितो.

आणि एक महत्त्वाचं, हॉस्पिटलवाल्यांनीही वाचावं. मेन रोडच्या गेटवर कायम ओपीडीची गर्दी आणि गाड्या लागलेल्या असतात, आमची रिक्षा तिथे चार मिनिटं अडकली, वॉचमनने हात केला तेव्हा कळलं की इमर्जन्सीचं दार मागच्या बोळात आहे, मेडिकलच्या शेजारून आत, रात्री तिथे निळा दिवा असतो पण दिवसा दिसतच नाही. पुढच्या गेटवर मोठा बाण लावा, मराठीत. आणि पेशंट घेऊन येणाऱ्यांनी पुढे थांबूच नका, मेडिकल दिसलं की डावीकडे वळा.